दोन फीडच्या रॅकचं गणित एका फीडवर करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४२ यूचा (यू हे रॅकच्या उंचीचं माप) एक रॅक भरायचा आहे. त्यात १६ सर्व्हर, प्रत्येकात ८०० वॅटचे दोन पॉवर सप्लाय, शिवाय एक स्टोरेज आणि दोन नेटवर्क स्विच. डेटा सेंटरवाले २३० व्होल्ट, ३२ अँपिअरचे दोन सिंगल फेज फीड, म्हणजे वीज आणणाऱ्या दोन वेगळ्या लाइन, द्यायला तयार आहेत, ए आणि बी. वायरिंग करणारे म्हणतात, लेबलांची बेरीज २५.६ किलोवॅट होते, यात भागणार नाही. सर्व्हर पुरवणारे म्हणतात, प्रत्यक्षात आठ किलोवॅटही लागत नाहीत, दोन फीडमध्ये आरामात बसेल. खरं कोणाचं? आणि यूपीएस फक्त ए बाजूला ठेवला तर चालेल का?

दोघांचीही बेरीज बरोबर आहे, पण निष्कर्ष दोघांचाही चुकतो. वायरिंगवाल्यांचं ऐकलं तर फार तर पैसे जास्त जातील. सर्व्हरवाल्यांचं ऐकलं तर एखाद्या दिवशी अख्खा रॅक एकदम बंद पडेल.

लेबलवरचे ८०० वॅट म्हणजे तो सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा. सर्व्हर तेवढे घेतोच असं नाही. शिवाय दोन सप्लाय एकमेकांना राखीव म्हणून असतात. एक गेला तर दुसऱ्याने एकट्याने सर्व्हर ओढायचा. सप्लाय त्या हिशोबाने निवडलेले असतील तर सर्व्हर १६०० वॅट घेण्याचा प्रश्नच येत नाही. खरा आकडा काढायचे दोन रस्ते आहेत. उत्पादकाच्या पॉवर कॅल्क्युलेटरमध्ये तुमचा नेमका प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, डिस्क आणि कार्डं भरा. किंवा तोच मॉडेल कुठे चालू असेल तर त्याच्या मॅनेजमेंट पोर्टवरून, नाहीतर क्लॅम्प मीटरने, सर्वांत जड काम चालू असताना मोजा. मी दुसरा रस्ता पसंत करतो. महिन्याची सरासरी मात्र धरू नका. रात्रीचा बॅकअप आणि हिशोबाची मोठी कामं एकाच वेळी सुरू होतात तेव्हा जो आकडा लागतो, त्याच्यावर ब्रेकर पडतो, म्हणजे वीज तोडतो.

समजा तुमचा सर्व्हर पूर्ण कामात ४२० वॅट घेतो. १६ सर्व्हरचे ६,७२० वॅट. स्टोरेजला ७०० आणि दोन स्विचना मिळून ३०० धरू. एकूण ७,७२० वॅट झाले. आजच्या सप्लायचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या व्हीएपैकी खऱ्या वॅटचं प्रमाण) चांगला असतो, ०.९७ धरला तर सुमारे ७,९६० व्हीए. याला २३० ने भागलं की ३४.६ अँपिअर येतात.

हा लोड दोन फीडमध्ये निम्मा निम्मा वाटला गेला की प्रत्येक पीडीयूच्या, म्हणजे रॅकमध्ये वीज वाटणाऱ्या सॉकेटपट्टीच्या, पडद्यावर १७.३ अँपिअर दिसतील. ३२ च्या ब्रेकरवर १७ म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. हा आकडा पाहून कुणालाही वाटेल की अजून चार-पाच सर्व्हर सहज बसतील. फसगत होते ती इथे. ए बाजू गेली की तिचे १७.३ अँपिअर त्याच क्षणी बी बाजूवर येतात. आता ३२ च्या ब्रेकरवर ३४.६ आहेत.

तो लगेच पडेलच असं नाही, आणि म्हणूनच हा दोष जास्त वाईट आहे. आयईसी ६०८९८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनलेला एमसीबी (पॅनलमधला छोटा ब्रेकर) रेटिंगच्या १.१३ पटीला तासभर तग धरायला हवा आणि १.४५ पटीला तासाभरात पडायला हवा. तुमचा लोड १.०८ पट आहे, म्हणजे कागदावर तो टिकतो. पण ही हमी भोवतालच्या ३० अंश सेल्सिअसला आहे. रॅकच्या मागच्या गरम गल्लीत किंवा ब्रेकर शेजारी शेजारी खेटून बसवलेल्या बंद पेटीत तापमान त्याहून बरंच वर जातं आणि तोच ब्रेकर आधी पडतो. दहा मिनिटांनी की पन्नास मिनिटांनी, हे कुणी सांगू शकत नाही.

मी हे भोगलेलं आहे. एका ठिकाणी ए बाजूच्या यूपीएसची ठरवून देखभाल होती. फीड बंद केला, एकही सर्व्हर हलला नाही, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तंत्रज्ञांनी यूपीएस उघडला. २५ मिनिटांनी एक रॅक गेला, त्याच्या पाठोपाठ शेजारचा. ए बाजू परत आणायला यूपीएस पुन्हा जोडावा लागला आणि तोवर सगळे फक्त वाट पाहत उभे होते. नंतर नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की त्या दोन रॅकमध्ये वर्षभरात एकेक करून सर्व्हर वाढत गेले होते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पीडीयूवरचा आकडा पाहूनच परवानगी दिली होती. कुणीही निष्काळजी नव्हतं. सगळ्यांनी चुकीचा आकडा पाहिला होता.

म्हणून माझा हिशोब असा. सतत चालणारा लोड ब्रेकरच्या ८० टक्क्यांच्या वर नेऊ नये. उत्तर अमेरिकेत एनईसी या वायरिंगच्या नियमावलीनुसार तीन तास किंवा त्याहून जास्त चालणारा लोड सतत धरतात आणि सर्वसाधारण ब्रेकरला हे बंधन लागू होतं. आयईसी पद्धत चालते तिथे असा सरसकट नियम नसला तरी तापमानाचा विचार करून मी तोच आकडा पाळतो. ३२ चे ८० टक्के म्हणजे २५.६. ही मर्यादा सगळा लोड एका बाजूवर आल्यानंतरची आहे. दोन्ही बाजू चालू असताना प्रत्येकीवर त्याच्या निम्मे, म्हणजे १२.८ अँपिअर, रेटिंगच्या ४० टक्के. तुमचे १७.३ त्यात बसत नाहीत. या दोन फीडवर हा रॅक चालवू नका.

मग काय करता येईल? १६ अँपिअरचा थ्री फेज फीड ४०० व्होल्टला ११.१ केव्हीए देतो. लोड तिन्ही फेजवर सारखा वाटला तर एक बाजू गेल्यावर प्रत्येक फेजवर ११.५ अँपिअर येतात, आणि १६ ची मर्यादा १२.८ आहे. बसतो, पण पुढे फार तर दोन सर्व्हर वाढवता येतील आणि वाटणी जरा बिघडली की तेही नाही. ३२ अँपिअरच्या थ्री फेजमध्ये २२ केव्हीए मिळतात, तिथे पुढच्या दोन-तीन वर्षांची सोय होते. तिसरा मार्ग म्हणजे हेच सामान दोन रॅकमध्ये आठ-आठ सर्व्हर करून ठेवणं. मग देऊ केलेलेच सिंगल फेज फीड पुरतात, कारण एका बाजूवर सगळं आलं तरी साधारण १७ अँपिअरच होतात. अर्थात फीडच्या दोन जोड्या लागतील.

निवड करण्याआधी डेटा सेंटरला एक गोष्ट विचारा: एका रॅकमागे ते किती किलोवॅटचा गारवा देतात? रॅकमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ७.७ किलोवॅट वीज दिली तर ७.७ किलोवॅट उष्णता उचलावी लागेल. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांच्या आत असावी अशी वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची, म्हणजे अ‍ॅशरेची शिफारस आहे. गारवा कमी पडला की पंख्यांचा वेग वाढतो, पंखे जास्त वीज खातात आणि तुमचे मोजलेले ४२० वॅट ४६० होतात. त्यांचं उत्तर पाच-सहा किलोवॅट असेल तर मी बिनदिक्कत दोन रॅक घेईन. वीज देता येते पण उष्णता काढता येत नाही, असे रॅक खूप पाहिले आहेत.

१२० व्होल्टची पद्धत असेल तिथेही हिशोब हाच, आकडे तेवढे बदलतात. २० अँपिअरच्या सर्किटवर ८० टक्क्यांनी १.९ किलोवॅटच मिळतात. २०८ व्होल्ट, ३० अँपिअरवर सुमारे ५. रॅकसाठी शक्यतो वरचं व्होल्टेज घ्या. त्याच वॅटला करंट कमी लागतो, केबल कमी तापते.

थ्री फेज घेतलात तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली वाटणी. थ्री फेज पीडीयूवर सॉकेटांचे गट असतात आणि प्रत्येक गट एखाद्या फेजवर असतो. सॉकेट मोजून वाटू नका, वॅट मोजून वाटा. स्टोरेजची एक पिन दोन सर्व्हरइतका लोड घेऊ शकते. ए पीडीयूवर जो सर्व्हर पहिल्या फेजवर आहे तो बी पीडीयूवरही पहिल्याच फेजवर ठेवा, आरशातल्यासारखा. असं केलं की एक बाजू गेल्यावर दुसरीकडची वाटणी बिघडत नाही. हे कळीचं आहे, कारण तीन पोलच्या ब्रेकरमध्ये एक फेज ओव्हरलोड झाला तरी तिन्ही पोल एकत्र पडतात.

दुसरी गोष्ट न्यूट्रल. थ्री फेजमध्ये न्यूट्रलचं टर्मिनल सुटलं तर प्रत्येक फेजवरच्या सामानाला २३० मिळण्याची खात्री उरत नाही. कमी लोड असलेल्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि त्यावरचे सप्लाय जळतात. ब्रेकरला यातलं काही कळत नाही, कारण करंट वाढलेला नसतो. म्हणून पाना हातात घेतला की मी आधी न्यूट्रलचं टर्मिनल तपासतो. न्यूट्रलमध्ये एकट्याचा स्विच किंवा फ्यूज कधीही नको, आणि त्याची वायर फेजपेक्षा बारीक नको. तिसरी गोष्ट माणसांची. सिंगल फेज रॅकमध्ये काम करायची सवय असलेल्यांना सांगून ठेवा की आता शेजारच्या दोन सॉकेटांमध्ये ४०० व्होल्ट असू शकतात.

आता सर्व्हरच्या आत डोकवा. अनेक सर्व्हरमध्ये अशी सेटिंग असते की लोड कमी असताना एकाच सप्लायवर काम चालवायचं आणि दुसरा जागा पण रिकामा ठेवायचा. त्यात थोडी वीज वाचते. पण सगळ्या सर्व्हरचा पहिला सप्लाय ए बाजूला असेल तर ए वर सगळा भार आणि बी रिकामी दिसते. मग कुणीतरी रिकामी बाजू पाहून तिथे आणखी सामान जोडतो. मी ही सेटिंग बंद करतो. कधी चालू ठेवायचीच असेल तर निम्म्या सर्व्हरचा मुख्य सप्लाय बी बाजूला नेतो.

मोठ्या सर्व्हरमध्ये याहून वेगळा सापळा आहे. काही मशीनमध्ये सहा सप्लाय असतात आणि चालायला किमान चार लागतात. माणूस सवयीने तीन ए ला, तीन बी ला लावतो. एक फीड गेला की तीनच उरतात आणि मशीन बंद पडतं किंवा वेग कमी करतं. अशा मशीनला दोन फीड पुरत नाहीत, तीन लागतात. 'राखीव सप्लाय' हा शब्द वाचून थांबू नका. किती सप्लाय गेले तरी चालेल, हा आकडा पुस्तिकेत शोधा. आणि पुढे जीपीयूचे सर्व्हर आणायचा विचार असेल तर आजच सांगा. एनव्हिडियाचं डीजीएक्स एच१०० हे एकच मशीन जास्तीत जास्त १०.२ किलोवॅट घेतं. म्हणजे तुमच्या अख्ख्या रॅकपेक्षा जास्त.

एकच कॉर्ड असलेलं सामान रॅकमध्ये येतंच, बहुधा एखादा छोटा स्विच. त्याला रॅकमध्ये बसणारा ट्रान्सफर स्विच लावा, जो ए गेल्यावर बी वर जातो. सप्लायमधला कपॅसिटर पूर्ण लोडवर साधारण १० ते २० मिलिसेकंद तग धरतो, त्यामुळे ट्रान्सफर स्विचची वेळ त्याच्या आत हवी. पण दोन सप्लाय असलेलं सामान त्यावर लावू नका. दोन स्वतंत्र वाटा असताना त्या एका डब्यात आणून एकत्र करण्यात फायदा काहीच नाही, आणि डबा बिघडला तर दोन्ही वाटा जातात.

आणखी एक वेळ हिशोबात धरायची राहते: वीज जाऊन परत येते तो क्षण. सगळ्या सप्लायचे कपॅसिटर एकदम भरतात, सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरतात, डिस्क फिरायला लागतात. पहिल्या काही मिलिसेकंदांचा झटका ब्रेकरच्या चुंबकीय भागाला जाणवतो. बी प्रकारचा ब्रेकर रेटिंगच्या ३ ते ५ पटीला लगेच पडतो, सी प्रकारचा ५ ते १० पटीला, डी प्रकारचा १० ते २० पटीला. रॅकच्या फीडला मी सी लावतो, बी नाही. सर्व्हरच्या बायॉसमध्ये वीज परत आल्यावर किती सेकंदांनी सुरू व्हायचं ते ठरवता येतं, बऱ्याच ठिकाणी ती वेळ आपोआप वेगवेगळीही ठेवता येते. आधी नेटवर्क, मग स्टोरेज, मग सर्व्हर टप्प्याटप्प्याने. ही पाच मिनिटांची सेटिंग आहे आणि ती करून ठेवलेली मला क्वचितच सापडते.

ब्रेकरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. एका सर्व्हरच्या सप्लायमध्ये शॉर्ट झाला तर फक्त त्याच्या गटाचा ब्रेकर पडावा, अख्ख्या फीडचा नको. पीडीयूवर १६ चा आणि पॅनलमध्ये ३२ चा आहे म्हणून ते आपोआप होतं असं समजू नका. सी प्रकारचा १६ चा ब्रेकर ८० ते १६० अँपिअरला लगेच पडतो, ३२ चा १६० ते ३२० ला. खरा शॉर्ट हजार अँपिअरचा असेल तर तो दोघांच्याही वर आहे आणि दोघेही पडू शकतात. कुठल्या ब्रेकरवर कुठला ठेवला तर फक्त खालचा पडतो, याचे तक्ते उत्पादक देतात. पॅनल बनवणाऱ्याकडून तो तक्ता मागून घ्या.

आता अर्थिंग. सगळ्यात जास्त गैरसमज याच विषयात दिसतात आणि इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा असतो.

प्रत्येक सप्लायच्या फिल्टरमधून थोडा करंट सतत अर्थ वायरमध्ये जात असतो. तो दोष नव्हे, रचनाच तशी आहे. पिनने जोडायच्या अशा उपकरणाला ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा असते. तुमच्या ए बाजूला १९ सप्लाय आहेत. प्रत्येकी १ मिलिअँपिअर धरला तरी १९ होतात. याचे दोन परिणाम. एक, पूर्ण रॅकवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळणारा करंट ओळखून वीज तोडणारं उपकरण) लावला तर तो कारण नसताना पडत राहील, कारण असं उपकरण रेटिंगच्या निम्म्यापासून, म्हणजे १५ च्या पुढे, कधीही पडू शकतं. रॅकच्या कायम फीडला तो न लावता अर्थ लूपचा (शॉर्टचा करंट अर्थमधून परत जातो त्या वाटेचा) रोध पुरेसा कमी आहे हे मोजून संरक्षण दिलं जातं. जिथे नियमाने आरसीसीबी लावावाच लागतो तिथे फीडचे लहान भाग करून प्रत्येकावर वेगळा लावा. दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. रॅकची अर्थ वायर तुटली तर हे सगळे १९ मिलिअँपिअर रॅकला हात लावणाऱ्या माणसातून वाट काढतील. १० मिलिअँपिअरच्या आसपासच स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. म्हणून रॅकचा अर्थ फक्त पीडीयूच्या कॉर्डवर सोडू नका. रॅकच्या सांगाड्यापासून खोलीच्या अर्थ बारपर्यंत वेगळी जाड वायर हवी, दरवाजे आणि बाजूचे पत्रे वेणीच्या वायरने सांगाड्याला जोडलेले हवेत. जोडणी रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून करा. रंगावर घट्ट केलेला नटबोल्ट म्हणजे अर्थिंग नव्हे.

आणि कुणी 'संगणकांसाठी वेगळा स्वच्छ अर्थ' म्हणून इमारतीच्या अर्थिंगपासून तोडलेला स्वतंत्र खड्डा सुचवला तर ठाम नकार द्या. अगदी चांगला खड्डा १० ओहमचा धरू. फेज रॅकच्या पत्र्याला टेकला तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअरच वाहतील. तुमचा ब्रेकर ३२ चा आहे. तो पडणारच नाही आणि रॅकचा पत्रा जिवंत राहील. शिवाय जवळ वीज कोसळली की दोन वेगळ्या अर्थांमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या नेटवर्क केबलमधून वाट शोधतो. कितीही खड्डे खणा, पण सगळे एकमेकांना आणि मुख्य अर्थ बारला जोडलेले हवेत.

केबलबद्दल फार लिहीत नाही, कारण ते नियमाप्रमाणे मोजता येतं. ३० मीटर लांबीच्या ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये ३२ अँपिअरला जाऊन-येऊन सुमारे ६ व्होल्ट पडतात, म्हणजे २.६ टक्के, चालून जातं. एवढं ध्यानात ठेवा की सर्व्हरचा सप्लाय ठरलेली वॅट घेतोच, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो. जुना दिवा व्होल्टेज उतरल्यावर मंद होतो आणि केबलला विश्रांती देतो. सर्व्हर तसं करत नाही.

खरा धोका केबलच्या टोकांना असतो. टर्मिनल जरा ढिलं राहिलं आणि तिथे ०.०५ ओहमचा रोध आला, तर २५ अँपिअरला त्या एका बिंदूवर ३१ वॅट उष्णता तयार होते. गरम सोल्डरिंग आयर्नएवढी, प्लास्टिकच्या पेटीत, दिवसरात्र. म्हणून टर्मिनल अंदाजाने न आवळता टॉर्कच्या पान्याने आवळा, आणि पूर्ण लोडवर एकदा थर्मल कॅमेऱ्याने पाहा. रिकाम्या रॅकचा फोटो काढून उपयोग नाही. भिंतीकडून येणारी जोडणी साध्या पिनेची न ठेवता आयईसी ६०३०९ ची औद्योगिक घ्या: सिंगल फेजला निळी, थ्री फेजला लाल. रॅकमध्ये सी१३ सॉकेट आयईसीनुसार १० अँपिअरचं, सी१९ सॉकेट १६ चं. लॉक होणाऱ्या कॉर्ड घ्या; शेजारची केबल ओढताना सैल झालेली पिन हे बंद पडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. ए च्या कॉर्ड एका रंगाच्या, बी च्या दुसऱ्या, दोन्ही टोकांना लेबल. पीडीयूला पीडीयू किंवा एक्स्टेन्शन बोर्ड जोडायचा नाही, एका रात्रीपुरताही नाही.

आता यूपीएसचा प्रश्न. फक्त ए बाजूला यूपीएस आणि बी थेट मुख्य पुरवठ्यावर, अशी रचना लहान खोल्यांत चालते आणि मी ती चूक म्हणणार नाही. पण अट आहे: वीज गेली की बी बाजू मेलेलीच असेल, त्यामुळे यूपीएसने पूर्ण ७.७ किलोवॅट एकट्याने पेलले पाहिजेत. अर्ध्या लोडचा यूपीएस घेणं म्हणजे वीज गेल्यावर दोन्ही बाजू घालवणं. यूपीएस घेताना केव्हीए पाहून थांबू नका, किलोवॅट पाहा. जुन्या धाटणीचा १० केव्हीएचा यूपीएस ८ किलोवॅटचाच असू शकतो आणि मग तो तुमच्या लोडला काठोकाठ लागतो. बी बाजूला सर्ज संरक्षण हवं, कारण तिथे लाटा अडवायला मध्ये काही नाही. बॅटरी किती मिनिटांची हवी हे जनरेटर ठरवतो. तो काही सेकंदांत लोड घेत असेल तरी मी दहा मिनिटांची बॅटरी मागतो, म्हणजे तो पहिल्या फटक्यात सुरू झाला नाही तर सर्व्हर नीट बंद करायला वेळ मिळतो. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी २० ते २५ अंशांत ठेवा. त्यावर दर १० अंशांमागे तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. यूपीएस थंड खोलीत आणि बॅटऱ्या बाहेरच्या गरम कोनाड्यात, अशी मांडणी करू नका.

दोन्ही बाजूंना यूपीएस असतील तर ए आणि बी वरपर्यंत वेगळे आहेत का हे स्वतः चालत जाऊन पाहा. पीडीयू दोन, यूपीएस दोन, पण दोन्ही एकाच पॅनलवरून निघालेले, असं मला एकदा नकाशावर न दिसता पॅनल उघडल्यावर दिसलं. नकाशा जुना होता. ब्रेकरवरच्या नावावर विश्वास न ठेवता प्रत्येक फीडचा मागोवा स्रोतापर्यंत घ्या.

सामान सेवेत आणण्याआधी एक चाचणी झालीच पाहिजे, आणि ती मी लेखी मागतो. रॅक भरून, सर्व्हरवर पूर्ण लोड टाकून, ए चा ब्रेकर पाडायचा. तासभर थांबायचं, कारण वर सांगितलेला ब्रेकर २५ मिनिटांनी पडला होता. या तासात बी वरच्या प्रत्येक फेजचा आकडा लिहायचा, थर्मल कॅमेरा फिरवायचा, कुठला सर्व्हर बंद पडला ते पाहायचं. दोन्ही कॉर्ड चुकून एकाच पीडीयूत गेलेला एखादा सर्व्हर इथेच सापडतो. मग ए परत आणून हेच बी साठी करायचं. शेवटी दोन्ही घालवून एकदम परत द्यायचे आणि सगळं टप्प्याटप्प्याने उठतं का ते पाहायचं. सामान अजून आलेलं नसेल तर लोड बँक (सर्व्हरऐवजी तेवढी वीज खाणारं चाचणीचं यंत्र) आणून फीडची चाचणी आधी उरकता येते. कॉर्डची मात्र सामान आल्यावरच होते.

त्यानंतर रोजच्या देखरेखीत पीडीयूचा अलार्म ८० टक्क्यांवर लावलेला असतो, तो तसा ठेवू नका. प्रत्येक फेजसाठी ए आणि बी ची बेरीज करा आणि ती एका ब्रेकरच्या ८० टक्क्यांवर गेली की अलार्म वाजू द्या. पीडीयूला बेरीज करता येत नसेल तर प्रत्येक बाजूला ४० टक्क्यांवर लावा. १६ च्या थ्री फेजला ६.४ अँपिअर, ३२ च्याला १२.८. आकडे पाच मिनिटांच्या सरासरीने साठवले जात असतील तर सोबत कमाल आकडाही साठवायला सांगा. पॅनलच्या आतलं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, फीड बंद करून, कुलूप घालून करून घ्या.

तुमच्या रॅकबाबत पक्कं सांगायला मला आणखी तीन गोष्टी लागतील: जड कामात मोजलेला एका सर्व्हरचा आकडा, स्टोरेजला नेमक्या किती कॉर्ड आहेत आणि किती गेल्या तरी ते चालतं, आणि डेटा सेंटर एका रॅकमागे किती किलोवॅट उष्णता काढतं. त्या कळवा, मग १६ चा थ्री फेज की दोन रॅक हे ठरवू. तोवर ३२ च्या सिंगल फेज फीडच्या करारावर सही करू नका.